सत्तावीस नंबरचा तुकडा

मी वाईट वेल्डिंग करतो. चुकून नाही, ठरवून करतो, आणि त्यासाठीच मला इथे ठेवलंय. हे कुणाला सांगितलं की आधी हसतात आणि मग प्रश्न विचारून डोकं खातात. म्हणून एकदाच काय ते सांगून मोकळा होतो.

अणुवीज केंद्रात मैलोन्‌मैल पाइप असतात. त्यांतून कडकडीत पाणी प्रचंड दाबाखाली फिरत असतं. पाइप म्हणजे शेवटी तुकड्याला तुकडा जोडलेला, आणि काळजी असते ती जोडांची. दर दीड-दोन वर्षांनी केंद्र बंद ठेवतात आणि तपासनीस आत शिरतात. जोडाच्या कडेने जेल चोपडायचं आणि काडेपेटीएवढा प्रोब त्यावरून फिरवायचा. प्रोबमधून आवाज पोलादात जातो, आपल्या कानाला ऐकू येत नाही असला आवाज, आणि आत काही आडवं आलं की परत फिरतो. पडद्यावर रेघ उठते. आता ती रेघ भेगेची, की जोडाच्या आतल्या अंगाला वेल्डचा जो साधा उंचवटा राहतो त्याची, हे ओळखायचं. सगळी विद्या एवढीच, आणि एवढ्यासाठी माणसं पंधरा-पंधरा वर्षं घासतात. तपासनिसाच्या कागदावर रकाने दोनच असतात: भेग आहे, भेग नाही. तिसरा रकाना नाही.

या लोकांची दर पाच वर्षांनी परीक्षा होते. परीक्षेला असे पाइप लागतात ज्यांत भेग कुठे, किती लांब, किती खोल, हे आधीपासून ठाऊक आहे. ते पाइप आमच्या परीक्षा केंद्रात मी करतो. हातभर लांबीचे तुकडे, मधोमध जोड, दोन्ही तोंडांना झाकणं, म्हणजे आत डोकावायला नको. पंचवीस वर्षं मी खऱ्या केंद्रांमध्ये चांगले जोड केले, वाकून, झोपून, लटकून. मग पाठ गेली आणि इथे आलो. बायको म्हणते, “आयुष्यभर सरळ वागलात आणि म्हातारपणी बिघडलात.” हा विनोद ती नऊ वर्षं करतेय. मीही नऊ वर्षं हसतोय, कारण न हसायलाही जोर लागतो.

माझ्या वर्कशॉपमध्ये दोन टेबलं आहेत, खोटं टेबल आणि खरं टेबल. खोट्या टेबलावर भेगवाले तुकडे होतात. या पोलादाच्या जोडात तांब्याचा कण मिसळला की थंड होताना आतून तडकतं. म्हणून मी तांब्याचा कीस चिमटीने नेमक्या जागी पेरतो. खऱ्या टेबलावर कोरे तुकडे होतात. कोरा म्हणजे ज्यात काहीही नाही असा. परीक्षेत दहातले तीन-चार तुकडे कोरे घालतात, नाहीतर माणूस प्रत्येक ठिकाणी भेग आहे म्हणत सुटेल. कोऱ्या तुकड्यावर भेगेची खूण केली की ती खोटी खूण, आणि एका खोट्या खुणेला माणूस नापास. हे कडक वाटेल, पण खऱ्या केंद्रात खोटी खूण झाली तर माणसं विनाकारण किरणोत्साराच्या जागेत जाऊन धड पाइप कापत बसतात.

दोन्ही टेबलांची हत्यारं वेगळी असतात. खोट्या टेबलावरच्या प्रत्येक हत्याराच्या मुठीला लाल रंग. तांब्याला लागलेला ब्रश कोऱ्या तुकड्याला लागता कामा नये. हा नियम मीच केला, लिहून भिंतीवर मीच चिकटवला.

आता लेकीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आम्हाला एकच मुलगी. माझ्यामुळेच ती या धंद्यात आली, नको नको म्हणत असताना. वेल्डिंगला नाही, तपासणीला. तिचा हात हलका होता. प्रोब असा फिरवायची की जेलवर रेघसुद्धा उमटायची नाही. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याच केंद्रात परीक्षेला बसली. आम्ही घरात परीक्षेचं बोलणार नाही असं दोघांकडून लिहून घेतलं होतं. निकालाच्या दिवशी ती घरी आली, हातपाय धुतले, जेवायला बसली आणि दुसऱ्याच घासाला म्हणाली, “बाबा, विचारायचं नसतं, पण विचारते. सत्तावीस नंबर कोरा होता?”

मी म्हणालो, “कोरा होता. मी स्वतः केलाय.”

“मला तिथे भेग दिसली. साफ दिसली.”

“दिसायला लागलं की सगळीकडे दिसतं,” मी म्हणालो. “आतला उंचवटा असेल. तुझ्यासारख्या नवख्यांचं हेच होतं.”

ती जेवून उठली. सहा महिन्यांनी पुन्हा बसता येत होतं, पण ती बसली नाही. आईला म्हणाली, “मला जे साफ दिसतं तेच नसेल, तर मी तिथे जाऊन काय करू?” आता ती बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात काम करते. घरी येते, जाते. माझ्याशी बोलते, पण बेताचं. भाजी संपलीय, गॅस आलाय, डॉक्टरची वेळ मिळालीय. तक्रार करावी असं त्यात काही नाही.

तर परवा मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, मॅडम माझ्या वर्कशॉपमध्ये आल्या. मॅडम म्हणजे आमच्या मुख्य परीक्षक. सहसा त्या फोन करतात. स्वतः आल्या म्हणजे काहीतरी नको ते असणार, हे मी त्यांची चप्पल वाजली तेव्हाच ओळखलं.

“एक माणूस कालपासून व्हरांड्यात बसलाय,” त्या म्हणाल्या. “नापास झाला. एकच खोटी खूण, बाकी सगळं बिनचूक. म्हणतो, तुकडा कापून बघा, तोवर उठणार नाही. तुम्ही ओळखत असाल. मुंगी म्हणतात त्याला.”

ओळखत कसा नसेन. जुन्या केंद्रात मी जोड करायचो आणि मुंगी तपासायचा. पाइपवरून मुंगीसारखा सरकायचा, बोटभर बोटभर, म्हणून ते नाव. त्याने माझे दोन जोड नापास केले होते. दोन्ही वेळा मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, आणि दोन्ही वेळा कापल्यावर तो बरोबर निघाला होता.

“तुम्ही फक्त लिहून द्या, तुकडा कोरा आहे म्हणून,” मॅडम म्हणाल्या. “मग मला त्याला घरी पाठवता येईल. कापायचा तर करणाऱ्याची शंका कागदावर लागते. उगाच महिन्याची मेहनत कोण कापतंय?”

“कितवा तुकडा?”

“सत्तावीस.”

मी हातातला ग्राइंडर खाली ठेवला. खरं तर तो बंदच होता.

“आणखी एक सांगते,” मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलल्या. “चार वर्षांत त्रेचाळीस जणांना हा तुकडा आला. तिघांनी खूण केली. तिन्ही खुणा एकाच जागी आहेत. मी काल रात्री सगळे कागद काढून बघितले.”

त्या तिघांतली एक कोण, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघांनी ते नाव उच्चारलं नाही.

“जेवून सही करतो,” मी म्हणालो.

त्या गेल्या. मी स्टुलावर बसलो. आता जे सांगणार आहे ते मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी सव्वीस आणि सत्तावीस एकाच दिवशी केले. सकाळी सव्वीस, तांब्यावाला. दुपारी सत्तावीस, कोरा. पाठ दुखत होती, घाई होती, नेहमीचंच. त्यानंतर काही आठवड्यांनी मुठींना नव्याने रंग द्यायला घेतला, कारण वापरून वापरून लाल रंग पार उडाला होता आणि दोन्ही टेबलांवरचे ब्रश सारखेच दिसायला लागले होते. आता कुठला कुठला हे कळावं म्हणून मी केसांत बघितलं. एका ब्रशच्या केसांच्या मुळाशी तांबं चमकत होतं. तो ब्रश खऱ्या टेबलावर होता.

मी तो उचलला, खोट्या टेबलावर ठेवला, मुठीला लाल रंग दिला आणि वाळायला टांगला. मनात म्हटलं, आजच कुणीतरी हलवला असेल. वर्कशॉपमध्ये माझ्याशिवाय कुणी येत नाही.

सत्तावीसचा एक्स-रे काढला होता, फिल्म स्वच्छ आली होती. पण चिकटून बसलेली बारीक भेग फिल्मवर दिसत नाही, हे मला शिकवायला कुणी नको. मॅडमच्या माणसांनी प्रोब लावला तेव्हा एक छोटी रेघ उठली होती. त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, “तिथे वेल्ड आतून जरा वर आलाय, मला आठवतंय.” माझ्या पंचवीस वर्षांच्या शब्दावर ती रेघ उंचवटा ठरली. मला काहीएक आठवत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी लेकीने ताटावर बसून विचारलं, तेव्हा ब्रशाची आठवण झालीच नाही, असं मी स्वतःला बजावत आलोय. ते खोटं आहे. तिने नंबर उच्चारला आणि मला तांबं चमकताना दिसलं होतं. मी तोंडातला घास तसाच धरून ठेवला, मग गिळला, आणि म्हणालो, कोरा होता.

का? मोठं काही कारण नाही. कंटाळा आला होता. कंटाळा हा शब्द लहान वाटत असेल तर वाटू दे. एक तुकडा संशयात गेला की सगळे कोरे संशयात जाणार, चौकशा, कागद, सह्या, चार वर्षांचे निकाल. एवढं सगळं उपसायचं माझ्या जिवावर आलं. आणि मी मूग गिळून बसलो. पोर शहाणी आहे, पुन्हा बसेल, पास होईल, असा हिशेब केला होता. तो चुकला.

डबा उघडला आणि तसाच बंद केला. आठ महिन्यांनी मी निवृत्त होणार होतो. सही केली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. मुंगी घरी गेला असता. लेक दुकानातच राहिली असती, आणि मीही होतो तसाच सन्मानाने बाहेर पडलो असतो.

व्हरांड्यातून जाताना मुंगी दिसला. प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी, केस पार पिकलेले. निकाल लागेपर्यंत परीक्षार्थीला भेटायची मला बंदी असते. पण त्याचा निकाल लागला होता.

“तूच केलायस ना तो?” त्याने मान वर न करता विचारलं.

“कशावरून?”

“जोड चांगला आहे. भेग सोडली तर.”

मला हसू आलं आणि रागही आला. “मुंग्या, या वयात पास होऊन तुला काय करायचंय? पाठ टेक की आता घरी.”

“टेकणारच आहे. हे माझं शेवटचंच वर्ष.” तो पिशवीचा बंद गुंडाळत होता. “माझं सोड रे. पण ज्यांनी इथे काही नाही म्हणून लिहिलं ते पास झाले ना? त्यांनी असली रेघ बघितली आणि तुम्ही त्यांना सांगितलंत, शाब्बास, हा उंचवटाच. ते आता कुठे आहेत?”

ते कुठे आहेत हे मला माहीत होतं. चाळीस माणसं. खऱ्या पाइपांवर, खऱ्या जोडांवर, असली रेघ उठली की बिनधास्त पुढे सरकत होती. मी एका पोरीला नापास केलं एवढंच नव्हतं. मी चाळीस जणांना चुकीचं शिकवलं होतं, आणि तेही पास म्हणून शिक्का मारून.

मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांनी सहीचा कागद पुढे केला. मी तो उलटा केला आणि मागे लिहिलं: या तुकड्याबद्दल मला शंका आहे, कापावा. खाली सही, तारीख. थकल्यासारखं झालं, जिना चढून आल्यावर होतं तसं.

मॅडमनी वाचलं. “शंका कशी आली?”

मी ब्रशाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मीही सही केली होती त्या रेघेवर,” एवढंच म्हणाल्या.

कापायला दीड तास लागला. करवतीवर पाणी सोडत, सावकाश. झाकणं निघाली, पाइप उभा चिरला, आतलं अंग उघडं पडलं. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. जोड सुरेख होता, खरंच सुरेख. क्षणभर मला वाटलं, कोराच निघतोय, आणि मला त्याचं काय वाटावं हेही कळेना. मग लाल द्रावण फासलं, थांबलो, पुसलं, वरून पांढरी पावडर उडवली. असं केलं की भेगेत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर वर येतो. आम्ही तिघं उभे होतो, मी, मॅडम आणि दारातून मान आत घातलेला मुंगी. त्याला आत यायची परवानगी नव्हती आणि त्याला कुणी बाहेर काढतही नव्हतं.

रेघ आली. पाइपचं तोंड घड्याळासारखं धरलं तर चारच्या जरा अलीकडे. केसासारखी, वाकडी, लाल. मॅडमनी पट्टी लावली. अकरा मिलिमीटर.

मुंगीने पिशवी खांद्याला लावली. “चहा मिळेल का कुठे?” त्याने विचारलं, आणि गेला.

पुढचं सगळं मॅडम हळू आवाजात बोलल्या. माझे एकोणीस कोरे तुकडे बाजूला काढायचे. त्रेचाळीस जणांचे निकाल पुन्हा बघायचे. चाळीस जणांना परत बोलवायचं, आणि त्यांनी तपासलेले जोड पुन्हा तपासायचे. चौकशी होईपर्यंत मी यायचं नाही. मी मान डोलावत राहिलो. वाईट वाटायला हवं होतं. वाटत होतं ते एवढंच की कुठेतरी बसावं.

“तिघांना पत्रं जातील,” शेवटी त्या म्हणाल्या. “उद्या. पण एक पत्र पोस्टाने जायच्या आधी तुम्हीच सांगितलेलं बरं.”

बाहेर येऊन बायकोला फोन केला आणि सगळं सांगितलं, ब्रशासकट, घासासकट. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला विनोद सुचला नाही. मग म्हणाली, “अहो, मला काय सांगताय? तिला जाऊन सांगा.” आणि फोन ठेवला.

दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर आहे. दोन वर्षांत मी तिथे एकदाही गेलो नव्हतो. चारच्या उन्हात काचांवर चष्म्यांच्या रांगा चमकत होत्या. लेक काउंटरमागे बसून एका फ्रेमचा स्क्रू पिळत होती. अजून तसाच हलका हात.

“बाबा? काय झालं? आईला बरं आहे ना?”

“बरी आहे. बसू का जरा?”

तिने गिऱ्हाइकाची खुर्ची पुढे केली. मी बसलो. येताना वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली.

“सत्तावीस नंबर आज कापला,” मी म्हणालो. “कोरा नव्हता.”

ती स्क्रूकडेच बघत राहिली. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं.

“कुठे होती?”

“चारच्या जरा अलीकडे.”

“किती?”

“अकरा मिलिमीटर.”

“मी बारा लिहिले होते,” ती म्हणाली.

दोन वर्षं झाली होती आणि तिला मिलिमीटर पाठ होते. मी पत्राचं सांगायला लागलो, निकाल बदलेल, तुला परत घेतील, पुन्हा परीक्षासुद्धा द्यावी लागणार नाही. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिने पेचकस खाली ठेवला.

“त्या दिवशी जेवताना मी नंबर सांगितला,” ती म्हणाली, “तेव्हा तुम्ही घास तोंडात तसाच धरला होता. मी बघितलं होतं. तेवढ्यावरून काही धरायचं नसतं, म्हणून मी धरलं नाही. तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“शंका होती,” मी म्हणालो.

“बाबा, शंकेचा रकाना नसतो.”

दारात एक बाई लहान मुलीचा हात धरून आली. लेक तिला म्हणाली, “दोन मिनिटं बसा हं,” आणि पुन्हा माझ्याकडे वळली. तिला घाई नव्हती. बोटभर बोटभर पुढे सरकताना थांबतात तशी ती थांबली होती.

“होतं,” मी म्हणालो. “माहीत होतं.”

तिने मान डोलावली. मग हात पुढे करून माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, उजेडात धरून बघितला आणि पुसायला लागली.